अंबत्तूरच्या शेडमधलं इंजिन

रंजनीच्या वडिलांनी, अप्पांनी, तीस वर्षं जमवलेली शेतीची जुनी अवजारं अंबत्तूरला एका भाड्याच्या शेडमध्ये पडून होती. नांगर, पाभरी, मोटा, कडबा कापायची यंत्रं. अप्पा गेले, शेडच्या मालकाने जागा परत मागितली, तेव्हा रंजनीने एका रविवारी सगळंच विकायला काढलं. मैलापूरला ऑफिसात काम करणाऱ्या तिला त्यातल्या निम्म्या वस्तूंची नावंही येत नव्हती.

दुपारपर्यंत बरंच खपलं. उरलं ते छातीएवढ्या चाकाचं, काळंकुट्ट डिझेल इंजिन.

"मेलेलं आहे हे," भंगारवाला म्हणाला. "फोडून नेतो."

तिरुवळ्ळूरकडून आलेली शेतकरीण कनका इंजिनाभोवती दोनदा फिरली. "चालत असेल तर मी अख्खंच नेईन."

"चालतंय की," खुर्चीवर बसलेली रंजनीची आई म्हणाली.

रंजनीला हसू आलं. "आई, तुला काय ठाऊक?"

अडुसष्ट वर्षांची गोदा उठली. पदर खोचला. डिझेल आणवलं, तेल बोटावर घेऊन पाहिलं, डिझेलचा छोटा पंप हाताने दाबत राहिली, आतून कर्र आवाज येईपर्यंत. मग तमिळमध्ये कनकाला म्हणाली, "तू हँडल फिरव. थांबू मात्र नकोस."

गोदाने आतला दाब मोकळा करणारा वरचा दांडा दोन बोटांनी उचलून धरला आणि डोळे मिटले. चाक जडपणे हललं, मग वेग घेऊ लागलं. "अजून... अजून..." तिने दांडा सोडला.

ठक्.

मग काहीच नाही. रंजनीने आशा सोडली, तोच पुन्हा ठक्, आणि पाठोपाठ ठोके सुरू झाले. नळीतून धुराची वर्तुळं निघाली, पत्रे थरथरले, जमिनीतली धडधड चपलांमधून तिच्या गुडघ्यांपर्यंत चढली. भंगारवाल्याने नकळत हात जोडले.

"कुठे शिकलीस गे?" रंजनीने ओरडून विचारलं.

"तंजावरला. अप्पा नोकरीपायी बाहेरगावी असायचे. शेताला पाणी कोण देणार? अकरा वर्षं असल्याच इंजिनावर मीच दिलं."

"कधी बोलली नाहीस!"

"तू विचारलंस कधी?"

संध्याकाळी इंजिन कनकाच्या ट्रकवर चढवायला सात माणसं लागली. रंजनीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती आईकडे बघत राहिली. आई कनकाला, दांडा नेमका केव्हा सोडायचा, ते तिसऱ्यांदा समजावत होती.