दोन आणि तीनच्या मध्ये

"मम्मी, आपण आत्ता दोन नंबरवर आहोत की तीनवर?"

"मध्ये," चारुलता म्हणाली आणि तिनं लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. आतला दिवा गेला होता, पंखा बंद होता, धोक्याची घंटीही वाजत नव्हती. मोबाइलला रेंज नव्हती. नुसता टॉर्च लागत होता.

"मध्येला नंबर नसतो?"

"नसतो."

"मग नंबर नसलेल्या जागी माणसं असतात का?"

पाच वर्षांच्या राणीला असले प्रश्न कुठून सुचायचे, देव जाणे! एरवी भाजी निवडता निवडता चारुलता "हौ, असतात" म्हणून वेळ मारून नेई. पण आज तिला तीन वाजायच्या आत नामपल्लीला पोचायचं होतं. लग्नाआधी ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. इतक्या वर्षांनी तशाच एका लॅबनं भेटायला बोलावलं होतं, आणि आज जमलं नाही तर दुसरीला घेऊ, हेही फोनवर सांगून टाकलं होतं. घरी कुणाला पत्ता नव्हता. राणीचा दात हलतोय, दाखवून आणते, एवढंच सासूबाईंना सांगून ती निघाली होती.

आणि मग तिला एकदम आठवलं. दोन वाजले की वॉचमन यादय्या लिफ्टचा मेन स्विच पाडतो आणि जेवायला जातो. चारला परत लावतो. नियम बिल्डिंगच्या सेक्रेटरीचा, म्हणजे तिच्याच नवऱ्याचा. "उन्हाळ्यात मोटर तापते. आणि दुपारी बाहेर जातंय कोण?" अभिजीत जेवताना म्हणाला होता, आणि तिनं मान डोलवत त्याला भात वाढला होता. त्यानंतर एकाही दुपारी ती घराबाहेर पडली नव्हती. मग नियम ध्यानात राहणार तरी कसा?

ओरडावं, तर वर सासूबाई. त्या विचारणार, दाताला एवढी कसली घाई?

"मम्मी, मी नव्हते तेव्हा तू कुणाची मम्मी होतीस?"

"कुणाचीच नाही."

"मग कोण होतीस?"

"चारू. सगळे चारूच म्हणायचे."

राणीनं टॉर्च आईच्या तोंडावर धरला, नीट निरखून पाहिलं. "ती चारू आता कुठाय?"

"डोळ्यावर नको धरू गं."

"सांग ना! मेली का?"

"मेली नाही."

"मग नंबर नसलेल्या जागी आहे?"

चारुलतानं दोन्ही हातांनी दार बडवायला सुरुवात केली. "यादय्या! अरे कोणी आहे का? यादय्या!" सासूबाई ऐकोत, आख्खी बिल्डिंग ऐको, तिला आता कशाचीच फिकीर नव्हती. राणीला तर मज्जाच वाटली, तीही लाथा घालत "यादय्या अंकल!" म्हणून किंचाळायला लागली. पण घरोघरी कूलर घरघरत होते आणि माणसं झोपली होती. ओरडून ओरडून राणी घामाघूम झाली आणि आईच्या खांद्यावर पेंगली. मोबाइलवर तीन वाजले. मग साडेतीन. चारुलतानं मोबाइल पर्समध्ये टाकून दिला.

दिवा लागला तो एकदम. लिफ्टला हिसका बसला आणि कुणी बोलावल्यासारखी ती वर निघाली. चारुलतानं खालचं बटण दाबलं, दाबतच राहिली. दार उघडलं ते तिसऱ्या मजल्यावर, तिच्याच घरासमोर.

समोर सासूबाई, हातात पिशवी.

"आलात का? बरं झालं बाई. डॉक्टर काय म्हणाला?"

"पडेल म्हणाला. आपोआप."

"मी म्हणलंच होतं तुला! उगंच उन्हात लेकराला फिरवलीस. बघ कशी लाल झाली ती. जा, चहा टाक. मी दूध घेऊन आलेच." त्या लिफ्टमध्ये शिरल्या आणि खाली गेल्या.

राणी खांद्यावर जागी झाली होती. "मम्मी, आपण गेलोच नाही. मग परत कसे आलो?"

चारुलतानं कुलूप उघडलं, राणीला खाली उतरवलं. स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला, आधण ठेवलं. एरवी बाहेरून आली की ती आधी गाऊन चढवायची. आज तिनं साडी बदलली नाही. घामानं भिजलेल्या निऱ्या तिनं ओट्याशी उभ्या उभ्या एकेक करून सारख्या केल्या, पदर खांद्यावर नीट पिन केला आणि पाणी उकळायची वाट पाहत राहिली.