जजसाहेबांचा कोट आणि चांगुणाबाईंचा चहा

मी जजसाहेबांचा काळा कोट बोलतोय. कोपरं विरलीत, पण खांदे बघा, अजून ताठ आहेत! परभणीच्या सिद्धोधन मास्तरांनी मला शिवलं तेव्हाच सांगितलं होतं, "साहेब, ह्यो तुमाला पुरून उरंल."

बावीस वर्षं मी सांबप्पा साहेबांच्या अंगावर राहून न्यायासनावर बसलो. साहेबांचा नेम कडक. कुणाच्या घरचा चहा घ्यायचा नाही, कारण आज चहा पाजणारा उद्या पक्षकार म्हणून समोर यायचा. मला त्या नेमाचा भारी अभिमान होता.

निवृत्त होऊन साहेब आपल्या गावी, चुडाव्याला आले आणि लोकांच्या आग्रहाने सरपंचपदाला उभे राहिले. थंडीचे दिवस, म्हणून प्रचारालाही मीच अंगावर. बौद्ध वस्तीत अंगणवाडीच्या चांगुणाबाईंनी कप पुढे केला. साहेबांनी सवयीने हात जोडले, "नको, मी कुठंच घेत नाही."

संध्याकाळपर्यंत वस्तीत एकच बोलणं, "आमच्या घरचा च्या चालंना ह्यांना." साहेब लिंगायत. त्या नकाराचा दुसरा अर्थ कोण लावणार?

घरी त्यांच्या पत्नीने, शिवकन्याताईंनी सुनावलं, "कोर्टात ठीक होतं. हितं माणसं हायेत, पक्षकार न्हाईत."

साहेबांचा चेहरा पडला. खरं सांगतो, मलाही लाज वाटली. तसेच उठून आम्ही चांगुणाबाईंच्या दारात गेलो.

"चुकलं माझं, बाई. चहा मागायला आलोय."

बाईंनी गॅस पेटवला. "च्या देते. मत न्हाई. दुसऱ्याला शब्द दिलाय."

"शब्द मोडू नका," म्हणत साहेबांनी चहा बशीत ओतला आणि ते फुर्र करून प्याले. दोन थेंब माझ्यावरही सांडले.

आम्ही सात मतांनी पडलो. पण साहेब घरात बसले नाहीत. चावडीवर बसून लोकांचे अर्ज लिहून देऊ लागले, मीही रोज सोबत.

यंदा पंचायत समितीची निवडणूक आली. साहेबांनी अर्ज भरला, पण त्या वस्तीत जायला पाय उचलेना. आज सकाळी चांगुणाबाईच दारात हजर!

"जयभीम साहेब, उठा. औंदा म्या कुणालाच शब्द दिला न्हाई. चला, वस्ती मी फिरवते."

अकरा घरं झाली, अकरा कप झाले. तुमच्या दारात आलो तर कृपा करून अर्धाच टाका. साहेबांना आता नको म्हणता येत नाही.