आधी हात, मग पाय

आमच्या लाँड्रीत एखादा कपडा सहा महिने कुणी न्यायला आलं नाही, की तो बेवारशी ठरतो. मग एका शनिवारी मुकादमबाई सगळे बेवारशी कपडे टेबलावर मांडतात आणि चिठ्ठ्या टाकतात. बहुतेकींच्या वाट्याला पडदा नाहीतर पुरुषाची पँट येते. शेजारच्या प्रेसवरच्या मावशींना एकदा वकिलाचा काळा डगला लागला होता. तो अंगात घालून त्या आठवडाभर सगळ्यांना जन्मठेप सुनावत होत्या.

मला निळा ड्रेस लागला. समोर बटणं, गुडघ्याखाली लांबी आणि दोन खरेखुरे खिसे. मी तो तिथेच घातला आणि घरी जाताना एका खिशात ढब्बूसाठी लिमलेटची गोळी टाकली. ढब्बू म्हणजे माझी लेक, साडेतीन वर्षांची. नावाप्रमाणे गालफुगी.

"कुणी दिला?" नवऱ्याने दारातच विचारलं.

"चिठ्ठीत लागला."

"चिठ्ठीत." तो हसला. "बायकांना ड्रेस चिठ्ठीत लागतात. आणि मी गॅरेजात बसून नटबोल्ट चाटतो."

पहिली थप्पड कानावर बसली. तिचा आवाज मला नाही आला, शिट्टीच ऐकू आली. दुसरीला मी भिंतीवर आपटले, ओठ फाटला. मग त्याने मला सोडलं आणि कपाट उघडलं. सासूबाईंची शिवणाची कात्री घेऊन तो पलंगावर मांडी घालून बसला आणि माझा एकेक कपडा मधोमध कापत गेला. रागारागात नाही. गॅरेजात रबराचे वायसर कापावेत तसा, नीट, कडेला कड लावून. तासभर कापत होता. ढब्बूला वाटलं, बाबा खेळतायत. ती तुकडे गोळा करून बाहुलीला पांघरूण घालत होती.

"आवडला ना ड्रेस?" शेवटचा कपडा कापून झाल्यावर तो म्हणाला. "मग आता हाच घालायचा. रोज. महिनाभर. अंगावर दुसरी चिंधी जरी दिसली तरी मी तुझ्या लाँड्रीत येऊन असा तमाशा करीन, की मालक तुला केस धरून बाहेर काढेल. चार दिवसांत वास मारायला लागशील. मग लाजच तुला घरी बसवेल."

स्वयंपाकघरात सासूबाई भांडं घासत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "कात्रीची धार गेली आता."

दुसऱ्या दिवशी मावशींना सगळं सांगितलं. माझा सुजलेला कान बघून त्या म्हणाल्या, "लाँड्रीतल्या बाईला कपडा मळेल म्हणून धमकी. हा तुझा नवरा माशाला बुडवायला निघालाय."

आम्ही दोघी हसलो. हसताना माझा ओठ पुन्हा फाटला आणि पहिला थेंब कॉलरवर पडला. मावशींनी तो लगेच थंड पाण्याखाली धरला. रक्त थंड पाण्यानेच जातं. गरम पाणी लागलं की डाग जन्माचा.

तेव्हापासून तसंच ठरून गेलं. जेवणाच्या सुट्टीत मी हॉटेलची चादर गुंडाळून बसायची, ड्रेस धुवून, पिळून, वाफेच्या प्रेसवर वाळवून अर्ध्या तासात परत अंगावर. बायका म्हणायच्या, "राणीसाहेब दरबारात आल्या, जागा करा." माझ्याइतका स्वच्छ कपडा त्या महिन्यात गावात कुणाच्या अंगावर नसेल.

मुकादमबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं. वाळवणाच्या खोलीवर एक छोटी खोली आहे. तिथे राहणारी म्हातारी महिनाअखेर मुलाकडे जाणार होती.

"एक तारखेला खोली तुझी," त्या म्हणाल्या. "पोरीला घेऊन ये आणि आतून कडी लाव. पण ती खोली कामावरच्या बाईलाच मिळते. तुझा नवरा इथे येऊन धिंगाणा घालून गेला, तर मालक तुला त्याच दिवशी काढेल, मग माझ्या हातात काही नाही. महिना काढ कसाही."

म्हणून मी महिना काढायला लागले.

चार दिवस झाले, आठ झाले, आणि माझ्या अंगाला वास येईना. तो रोज संध्याकाळी मला दारात थांबवून कॉलरला नाक लावायचा. नवव्या दिवशी साबणाचा वास आला म्हणून त्याने माझं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. मी म्हटलं, "अहो, ढब्बू बघतेय." तो म्हणाला, "बघू दे. शिकेल." आणि परत आपटलं.

मग तो ड्रेस मळवायलाच लागला. गॅरेजातून डबीत काळं ग्रीस घेऊन यायचा आणि माझ्या पाठीवर, पोटावर दोन्ही हातांनी फासायचा. घोड्याला खरारा करावा तसा. मी हातसुद्धा वर करायची नाही. ग्रीसला रॉकेल, मग साबण, मग ऊन पाणी. शाई ओतली की लिंबू. सतराव्या दिवशी त्याने चहाचं उकळतं आधण फेकलं. चहाचा डाग गेला, मांडीची कातडी गेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ओरडले तर शेजारी येतील, शेजारी आले तर तो लाँड्रीत येईल, तो लाँड्रीत आला तर खोली जाईल. मी दात आवळून दिवस मोजायची.

त्याच्या हातांबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर खोटं होईल. ढब्बू जन्मली तेव्हा त्याने ते हात रॉकेलने, मग साबणाने, मग परत रॉकेलने इतके घासले होते, की सालटं निघाली. मग डावा तळवा पसरून म्हणाला, "ठेव इथे." तिचं डोकं त्या तळव्यात बरोब्बर मावलं. तो तासभर तसाच उभा राहिला. तिची नखंसुद्धा तोच कापायचा, डाव्या हातात तिचं बोट धरून. मला नाही जमायचं. बोट कापलं जाईल अशी भीती वाटायची.

चोविसाव्या दिवशी सकाळी ड्रेस सापडेना.

खुंटीवर नाही, दोरीवर नाही. मी परकरावर घरभर फिरले. तो दारात उभा राहून बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर मी महिनाभरात पहिल्यांदा आनंद पाहिला. "संपलं," तो म्हणाला. "आता घरी बस."

तेवढ्यात ढब्बूने पलंगाखाली पाहिलं. लहान मुलं लपवलेल्या वस्तूकडे बघतातच, त्यांना राहवत नाही. त्याने वाकून ड्रेस ओढून काढला. तिने त्याची घडी घालून, वर बाहुली झोपवून, आत खोल सारून ठेवला होता.

"का गं लपवलास?" त्याने विचारलं.

"तो वाईट आहे," ढब्बू म्हणाली. "तो घातला की बाबा आईला मारतात. नाही घातला की नाही मारणार."

त्याने तिला मारलं. पहिल्यांदाच. उलट्या हाताने, एवढ्या जोरात की ती पलंगाच्या पायाजवळ जाऊन पडली आणि रडायचंच विसरली. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. मी तिला उचललं. दुधाच्या दातातून रक्त येऊन माझ्या खांद्यावर सांडत होतं. मी ड्रेस चढवला, तिला सासूबाईंकडे दिलं आणि कामावर गेले. गेले. हे लिहितानाही मला लाज वाटते, पण आणखी सहा दिवस राहिले होते.

निघण्याआधी तिच्या कानात मात्र सांगितलं, "आपण वाफेच्या घरात राहायला जाणार आहोत. फक्त तू आणि मी. कुणाला सांगायचं नाही."

साडेतीन वर्षांच्या पोरीला गुपित सांगणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. पाच दिवस तिने ते धरून ठेवलं. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी, तो तिची नखं कापत असताना, तिने बाबांना सांगून टाकलं.

तो जेवणाच्या सुट्टीत आला. मागच्या दाराने, जिथून हॉटेलच्या गाठोड्यांची ने-आण चालते. मी चादर गुंडाळून माझ्या प्रेसपाशी उभी होते. धुतलेला ड्रेस खालच्या गादीवर पसरलेला होता. वरचं झाकण उघडं होतं, वाफ नुकती भरली होती.

आमचा प्रेस असा आहे: खाली कपडा पसरायची गादी, वर तापलेलं लोखंडी झाकण. पायाखालचं पायडल दाबलं की झाकण धाडकन येऊन बसतं आणि लाल बटण दाबेपर्यंत उचलत नाही. नव्या बाईला पहिल्या दिवशी एकच धडा देतात आणि तो तिच्याकडून शंभरदा म्हणवून घेतात. आधी हात, मग पाय. आधी बघायचं गादीवर कुणाचा हात नाही ना, आणि मगच पाय दाबायचा. चार वर्षं मी झोपेतही ते म्हणत आले आहे.

"वाफेचं घर का?" तो म्हणाला. ओरडला नाही. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकूही गेलं नसतं. फक्त मावशींनी मान वळवली. "दाखव की मलाही."

"अहो, घरी बोलू."

"घरी?" त्याने माझे केस मुठीत धरले आणि माझं तोंड प्रेसच्या कडेवर आपटलं. काहीतरी तुटलं. जिभेला आपलाच दात लागला, सुटा. त्याने मला तिथेच सोडून खिशातून कात्री काढली. तीच, सासूबाईंची. धार लावून आणलेली.

"हा कापतो. मग उद्या काय घालशील? तिसावा दिवस ना उद्या? नागडी जा वाफेच्या घरात. पोरगी माझ्याकडे राहील. आज जरा बोलायला लागलीये बापाशी. आणखी बोलती करतो तिला."

कापड हलू नये म्हणून त्याने डावा हात ड्रेसवर सपाट ठेवला. बोटं पसरून. छातीच्या बटणांच्या बरोबर खाली.

मी आधी हात पाहिला. नीट पाहिला. नखांतलं काळं, अंगठ्यावरचा जुना चट्टा, तो तळवा. तिचं डोकं मावलेला.

मग पाय दाबला.

त्याचं ओरडणं आधी नाही आलं, वास आला. मग तो ओरडला आणि सगळ्या मशीन एकेक करून थांबल्या. कात्री फरशीवर पडली. तो दुसऱ्या हाताने झाकण ढकलत होता, पाय आपटत होता, माझ्या चादरीला धरून खाली ओढत होता. लाल बटण माझ्या उजव्या हाताशी होतं. बोट त्यावर होतं. मी दाबलं नाही. एक, दोन, तीन. मावशी धावत येत होत्या. चार. पाच.

मग तो म्हणाला, "आई गं."

ढब्बू पडल्यावर म्हणते तसंच. त्याच आवाजात.

मी बटण दाबलं.

पोलीस आले, तेव्हा मी तोंडाला बर्फ लावून बसले होते. "पाय चुकून पडला का?" त्यांनी मला विचारलं.

"बाहेरचा माणूस, मशीनची माहिती नाही, घातला हात मध्ये," मावशी म्हणाल्या. "वाफ केवढी असते इथे. हिला कुठून दिसणार?"

तीन जणींनी तेच सांगितलं. मालकानेही सांगितलं, कारण बाहेरचा माणूस मशीनपर्यंत पोचलाच कसा, हे त्याला कुणी विचारायला नको होतं. आणि त्याने स्वतः दवाखान्यात सांगितलं, की माझाच हात घसरला. बायकोने भाजलं हे सांगण्यापेक्षा त्याला तेच सोपं गेलं असेल. मी मान हलवली. दात पडला होता, बोलता येत नाही असं सगळ्यांना वाटलं.

संध्याकाळी ढब्बूला न्यायला घरी गेले. सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. बातमी पोचली होती. मला वाटलं, केस उपटतील, शिव्याशाप देतील. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही.

"कुठला हात?" त्यांनी विचारलं.

"डावा."

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.

"मारतो तो उजव्याने," त्या म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी ढब्बूला आणलं आणि तिच्या कपड्यांचं बोचकं माझ्या हातात दिलं. बोचकं बांधून तयारच होतं. बाहुलीसकट.

म्हातारी अजून गेली नव्हती. एका रात्रीपुरतं तिने आम्हाला आपल्या पलंगाची अर्धी बाजू दिली. खालून गरम हवा येत होती. ढब्बू घामेजून, पाय पसरून, पहिल्यांदाच न दचकता झोपली.

सकाळी मावशी तीन ड्रेस घेऊन आल्या. कुणाकुणाच्या घरचे, उसवून बेतलेले. "घाल यातला एक. आता कोण विचारतंय."

निळा ड्रेस दोरीवर होता. त्यांनी तो धुतला होता, मीठ लावलं होतं, लिंबू लावलं होतं, ठाऊक होतं ते सगळं केलं होतं. बटणांच्या खाली तपकिरी डाग तसाच राहिला होता. चार बोटं, अंगठा आणि अर्धा तळवा.

"हा नाही निघायचा," मावशी म्हणाल्या. "गरम लागलंय त्याला."

"माहीत आहे."

ढब्बू दोरीखाली उभी राहून वर बघत होती. तिने टाचा उंचावून आपला हात त्या डागावर ठेवला. तिची बोटं त्याच्या पेरांपर्यंतही पोचली नाहीत.

"बाबांचा?"

"हो."

"दुखतंय त्यांना?"

"हो."

तिने डागावर फुंकर घातली. दोनदा. मी तिला लागलं की घालते तशी.

महिन्याला एक दिवस बाकी होता. मी निळा ड्रेस दोरीवरून काढला, घातला, आणि तिची एक गोळी खिशात टाकून खाली कामावर गेले.