मृणालची मुरकी

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगतो. ब्रिस्टलमध्ये विमानाच्या पंखांची मापं तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. एक मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की माझं डोकं फिरतं. गिटारही मी तशीच वाजवतो. चूक नसते, पण त्यापलीकडे फारसं काही नसतं, असं माझी बायको मृणाल म्हणायची.

मधली तीन वर्षं कंपनीने आम्हाला जपानात, नागोयाला पाठवलं होतं. तिथे खालच्या मजल्यावरच्या हायाशीबाईंनी मृणालला त्यांच्या तरुणपणची रेडिओवरची गाणी शिकवली. बंदर, धुकं, परत न आलेलं माणूस, अशी ती गाणी. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती तीच म्हणायची आणि मी गिटारवर साथ करायचो. ब्रिस्टलला परतून बारा वर्षं झाल्यावर, २००४ साली, मी ठरवलं की या गाण्यांचा अल्बम काढायचा. नऊ गाणी, गिटार माझी आणि प्रत्येक गाण्याला एक पाहुणा गायक.

"मग मी का नको?" मृणालने एकदाच विचारलं.

"तुझ्या गळ्यात मुरकी आहे. ही गाणी सरळ आहेत."

ती मुरकी तिच्या वडिलांची. औरंगाबादला त्यांची भीमगीतांची गायनपार्टी होती. ओळ संपताना शेवटचा सूर सोडायच्या आधी ते वरून एक छोटंसं वळण घेत आणि समोर बसलेल्या माणसांच्या माना डोलत. सात वर्षांची मृणाल त्यांच्यामागे कोरसला उभी असायची. तेव्हाच ती मुरकी तिच्या गळ्यात बसली, ती जपानी गाण्यातही यायची आणि तिला कळायचंही नाही. हायाशीबाई हसून टाळ्या वाजवायच्या. मी गिटार थांबवायचो.

आमची कामाची पद्धत अशी होती. ब्रिस्टलच्या फिल्टन भागातल्या आमच्या घरात मागच्या बेडरूममध्ये आठ ट्रॅकचं, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे भरता येणारं, रेकॉर्डिंग मशीन होतं. आधी मी गिटार भरायचो. मग आठव्या ट्रॅकवर मृणाल पूर्ण गाणं म्हणायची, पाहुण्याला चाल आणि शब्द कळावेत एवढ्यापुरतं. त्याची सीडी पाहुण्याकडे जायची आणि तो पाठ करून यायचा. त्याचा आवाज नीट भरला गेला की मी मृणालचा ट्रॅक पुसून तिथे दुसरी गिटार भरायचो. सीडीही परत मागून मोडून टाकायचो. अर्धवट काम बाहेर फिरलेलं मला खपत नाही.

पहिला पाहुणा कॉलिन, रिटायर्ड बसड्रायव्हर. मृणालने त्याला इंग्रजी अक्षरांत जपानी शब्द लिहून दिले होते. त्याने डोळे मिटून सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीच्या शेवटी मुरकी घेतली. माझ्या सासऱ्यांची, जशीच्या तशी. बिचाऱ्याला वाटलं, ती गाण्यातच आहे.

मी मशीन थांबवलं. चौदा वेळा थांबवलं. मृणाल दारात उभी राहून बघत होती.

"राहू दे की," ती म्हणाली. "किती छान येतेय त्याला."

"जपानी गाण्यात असं नसतं."

"बसड्रायव्हर तरी कुठे असतो रे जपानी गाण्यात?"

पंधराव्या वेळी कॉलिन सरळ गायला. पुढच्या सात पाहुण्यांचीही तीच कथा. आठ गाण्यांतून मी मुरकी वेचून काढली. नवव्या गाण्याला मी जास्त शहाणपणा केला, मृणाललाच सांगितलं की मुळातच सरळ म्हण. शाळेत उभं करून कविता म्हणायला लावावी, तसं तिने ते म्हटलं. "घे तुझं सरळ गाणं," म्हणाली, हेडफोन ठेवला आणि खाली गेली.

तेव्हाच तिच्या पोटात दुखत होतं, हे मला आठवड्याने कळलं. फेब्रुवारीत डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती गेली.

घरी वंदना झाली. मग कोणीतरी म्हणालं, तिचं एखादं गाणं लावा ना. मी वर जाऊन मशीनसमोर बसलो. आठ गाण्यांत आठ परके आवाज होते. लग्नाच्या व्हिडिओत ती नुसतीच हसते. तिचा गाता आवाज उरला होता फक्त नवव्या गाण्यात, आणि तेवढ्या एका गाण्यात ती नव्हती. ती मीच काढून टाकली होती. मला माझी किळस आली. खाली येऊन मी सांगितलं की मशीन बिघडलंय.

ऑक्टोबरमध्ये शाल्मलीचा फोन आला. ही पुण्याची मुलगी इथे युनिव्हर्सिटीत शिकत होती, नववं गाणं तिचं होतं.

"काका, आपण ते कम्प्लीट करूया का? काकूंनी मला प्रॉमिस करायला लावलं होतं."

ती आली आणि गायली. सीडीवरून पाठ केलेलं, एकही चूक नाही. मला जे हवं होतं ते अगदी तसंच होतं आणि मला ते ऐकवेना.

"ओळीच्या शेवटी एक मुरकी घे," मी म्हणालो.

"कुठली? सीडीवर तर प्लेनच आहे, काका."

मी म्हणून दाखवायला गेलो, तर घोगरा आवाज निघाला. गिटारची तार ओढून पाहिली, नुसती कुरकुरली. पंधरा वर्षं रोज कानावर पडलेली गोष्ट मला दाखवता येत नव्हती. मी जिन्यात जाऊन बसलो आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडलो. शाल्मलीने पाणी आणून दिलं. मग मी कॉलिनला फोन लावला आणि विचारलं, तुला चौदा वेळा काढायला लावलेलं ते वळण आठवतंय का?

"आठवायचं काय त्यात?" तो म्हणाला. "तू काढलंस ते रेकॉर्डिंगमधून. मी अजून आंघोळीला गेलो की तसंच म्हणतो."

अर्ध्या तासात तो बसने आला. कोटही न काढता बेडरूममध्ये उभा राहिला आणि डोळे मिटून त्याने ती ओळ म्हटली. शाल्मली म्हणाली, "वन्स मोअर." तिसऱ्या वेळी तिला जमली.

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. गाणं पुढे सरकलं, ओळीचा शेवट जवळ आला आणि सवयीने माझा उजवा हात स्टॉपच्या बटणाकडे गेला. मी तो डाव्या हाताने धरून ठेवला. मुरकी आली. थोडी कॉलिनसारखी जाड, थोडी शाल्मलीसारखी कोवळी, पण मृणालचीच.

"राहू दिली बघ," मी दाराकडे बघून म्हणालो.

माझा आवाज माइकमध्ये गेला. शाल्मली थांबली आणि म्हणाली, "काका, टेक स्पॉइल झाला. परत घेऊ या?"

मी नको म्हटलं.