दोन मुठींची करवत आणि खोक्यातला भुंगा

मित्रांनो, माझे दात आता बोथट झाले आहेत, पात्यावर गंज चढला आहे. तरी मला ओळखणे अवघड नाही. मी दोन मुठींची लांब, जुनी करवत. मला एकट्याने चालवता येत नाही. एकाने ओढायचे, दुसऱ्याने सैल सोडायचे. ढकलायचे मात्र कुणीच नाही.

लोहाराने मला घडवले आणि जंगलाच्या कडेला राहणाऱ्या दोन भावांनी घरी आणले. वाळलेली, वादळात पडलेली झाडे कापणे हे त्यांचे काम. थोरला अबोल, धाकटा बडबड्या. पण माझ्या मुठी हातात आल्या की दोघांचा श्वास एक व्हायचा. काम संपले की थोरला माझ्या दातांवरून कानस फिरवायचा आणि म्हणायचा, "आज लोण्यासारखी चालली गं बाई!" मी सुखावून जायचे.

पुढे धाकट्याला बंदरावरच्या गोदामात नोकरी लागली. तिथे परदेशातून यंत्रे यायची, जाडजूड लाकडी खोक्यांत भरून. खोकी फोडल्यावर फळ्या कुणालाच नको असत. थंडीत सुट्टीवर येताना त्याने त्या गाडीभर आणल्या.

"वहिनी, यंदा सरपणाची चिंता मिटली!"

"भाऊजी, तुम्ही पण ना!" वहिनी हसली. उरलेल्या फळ्या घरामागे रचून ठेवल्या. काहींना अजून साल चिकटलेली होती.

उन्हाळ्यात त्या फळ्यांतून भुंगे निघाले. काळे, चकचकीत, पांढऱ्या ठिपक्यांचे, मिशा अंगापेक्षा लांब. थोरल्याची लेक एक भुंगा तळहातावर घेऊन धावत आली. "बाबा, बघ ना, किती देखणा आहे!" सगळ्यांनी त्याचे कौतुक केले. मग तो उडाला आणि झाडीत दिसेनासा झाला.

काही वर्षांनी झाडे शेंड्याकडून वाळू लागली. कापताना माझ्या दातांना मध्येच पोकळी लागायची. तेव्हा किडींचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी साल सोलली. आत बोगदेच बोगदे, आणि त्यांत पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या.

"हा किडा इथला नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या मुलखात पाखरं याला टिपतात, तिथल्या झाडांनाही याच्याशी झुंजायची सवय आहे. इथे याला कुणी ओळखतच नाही. तिकडे जी झाडं नव्हती, तीही हा आता खायला लागलाय. बाहेरून लाकूड आणलं होतं का कुणी?"

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो बोलणार, इतक्यात थोरला म्हणाला, "आणलं. आम्ही दोघांनी आणलं."

हा भुंगा ज्या जातींची झाडे खातो, ती घराभोवतालची सगळी झाडे पाडायचे ठरले. हिरवी असली तरी. नोकरीवरून रजा काढून धाकटा आला.  आल्या आल्या त्याने माझी मूठ धरली. शेवटी दारापुढचे डेरेदार झाड उरले.

"बाई, हे तर चांगलं आहे हो," वहिनी म्हणाली.

"आत अळी असली तर बाहेरून कळत नाही, ताई." बाईंनी खोडावर हात ठेवला.

भावांनी मला खोडाला लावले. मी आत शिरत गेले, शिरत गेले. एकही पोकळी लागली नाही. त्यांच्या आधी मला कळले होते, पण करवतीला कुठे थांबता येते? झाड कोसळले. धाकट्याने ताज्या, स्वच्छ लाकडावर हात फिरवला आणि तिथेच गुडघ्यांवर बसून रडू लागला. थोरला त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

त्यानंतर धाकट्याने माझी मूठ कधी धरली नाही. थोरल्यानेही दुसरा जोडीदार शोधला नाही. मी भिंतीवर टांगलेली आहे. नदीपलीकडचीही झाडे वाळू लागल्याचे परवा कानावर आले. तो भुंगा फार लांब उडत नाही, मित्रांनो. त्याला माणसेच नेतात, गाडीत घालून, प्रेमाने.

म्हणून एवढेच सांगते. लाकूड जिथले तिथेच जाळा. साल असलेली फळी दूरच्या गावी नेऊ नका. आणि अनोळखी देखणा किडा दिसला, तर कौतुक करा, पण जाणत्या माणसाला लगेच दाखवा. हिरवे झाड कापताना कसा आवाज येतो, तो तुमच्या कानांवर कधी न पडो.