हातावरचा सौदा

तालायने फोन किटलीला टेकवून उभा केला आणि पैसे थकवलेल्या झानिशला पुन्हा व्हिडिओ कॉल लावला. घंटी वाजत राहिली. समोर बसलेले त्याचे बाबा, सागिन, पावाचा तुकडा चहात बुडवून विसरून गेले होते. बुरुल, त्याची बायको, दारापाशी बॅग भरत होती.

"दुपारी टॅक्सी येईल," ती म्हणाली. "त्याआधी पैसे आले तर बॅग उघडते. नाहीतर ताईला कळवते, निघाले म्हणून."

तिची बहीण मॉस्कोत कपडे शिवायच्या कारखान्यात होती. तिने बुरुलसाठी एक जागा धरून ठेवली होती. एकदा गेली की दोन वर्षं तरी परत येणं नाही. पैसे आले असते तर बुरुल इथेच, काराकोलच्या बाजारात, खोली घेऊन स्वतःच्या मशिनी टाकणार होती. ती जाऊ नये असं तालायला फार वाटत होतं. ते तोंडाने म्हणायची त्याची हिंमत नव्हती, कारण म्हणायला हातात काही असावं लागतं.

तालायचा धंदा नावांचा. इंटरनेटवरचे पत्ते, डोमेन, दुसऱ्याला सुचायच्या आत स्वस्तात घेऊन ठेवायचे आणि गरजवंताला चढ्या भावाने विकायचे. बाबांनी जन्मभर गुरांच्या बाजारात दलाली केलेली. "घोड्याचे दात तरी बघता येतात. तुझ्या मालाचं तोंड कुठंय?" असं म्हणून ते त्याला पिडायचे. पण डोंगरावरच्या कुरणांचं नाव असलेलं एक डोमेन घ्यायला झानिश बिश्केकहून थेट घरी आला, तेव्हा बाबाच हरखले. त्या पोराने घोड्यांवरच्या सहलींची कंपनी काढली होती. चार हजार डॉलरला तो एका बोलीत तयार झाला. बाबांनी बाजारातल्यासारखा दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले, वर आपला हात ठेवून हलवला आणि तळहात उघडून सौद्याला दुवा दिली. त्यानंतर पैसे आधी मध्यस्थ कंपनीकडे ठेव म्हणणं म्हणजे बाबांच्या दुवेवर अविश्वास दाखवणं झालं असतं. नंतर अल्माटीचा एकजण त्याच नावाला तीन हजार रोख मोजायला तयार झाला. तालायने बाबांना विचारलं.

"हात दिलाय ना? मग तो घोडा दुसऱ्याला दाखवायचासुद्धा नाही," बाबा म्हणाले.

अल्माटीवाल्याने दुसरंच नाव घेतलं. झानिशचे पैसे मात्र रोज उद्या येत राहिले.

फोनच्या पडद्यावर एकदम झानिशचा चेहरा आला. तो गाडीत बसला होता.

"सलाम, दादा. मी तुम्हालाच फोन करणार होतो."

"असं? मग बोल."

"बँकेनं अडवलंय हो. परदेशातले व्यवहार आजकाल..."

"बिश्केकपासून काराकोल परदेश कधीपासून झालं रे?"

झानिश हसायला गेला, पण त्याला हसता आलं नाही. स्टिअरिंगवर अंगठा घासत राहिला.

"भागीदार सोडून गेला, दादा. पैसे नाहीत."

"हे तू महिनाभर आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नाव विकून टाकलं असतं. खरं सांगू? त्या दिवशीसुद्धा पैसे नव्हते. नाव जाऊ नये म्हणून हात दिला. वाटलं, उन्हाळ्यात गिऱ्हाइकं लागली की देऊन टाकू."

"त्या दिवशीसुद्धा नव्हते?" बाबांनी विचारलं.

त्यांनी फोन स्वतःकडे वळवला. पेला बाजूला सारला. मग दोन्ही हात छातीसमोर उचलले, पण तळहात वर नव्हते. ते खाली होते, आणि वर होती हातांची पाठ.

उलटी दुवा, म्हणजे शाप, तालायने लहानपणी एकदाच पाहिला होता, एका घोडेचोराला दिलेला. त्या माणसाचं पुढे काय झालं हे गावात कोणी बोलत नसे.

"नको, बाबा," झानिशचा आवाज फाटला. "बायकोला सातवा लागलाय. गाडी विकतो. आत्ता विकतो. संध्याकाळपर्यंत मिळेल ते पाठवतो, पण हे नको."

बाबांना थांबवणं तालायच्या हातात होतं. पण गाडी विकून निम्मे पैसे तरी येतील, असा हिशोब त्याच्या डोक्यात होऊन गेला होता. त्याला स्वतःची किळस आली, तरी त्याने बाबांचे हात धरले नाहीत.

बुरुल उठली. सासऱ्याला पाठ न दाखवणारी, त्यांचं नाव कधी न घेणारी सून ती. ती बाबांसमोर गुडघ्यांवर बसली, त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि हात सावकाश फिरवून तळहात वर केले.

"त्याच्या पोराच्या तोंडचं घेऊन मी मशीन नाही मांडणार, बाबा," ती म्हणाली. मग फोनकडे वळून म्हणाली, "सौद्यातून हात सोडला म्हण."

"सोडला, वहिनी. नाव तुमचंच. मला माफ करा."

तालायने फोन बंद केला.

बाबांचे हात तसेच राहिले. बाजाराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा तो माणूस आता पुटपुटल्यासारखा बोलला.

"अल्माटीवाल्याला मीच देऊ दिलं नाही. तुला मीच घालवतोय."

"असं नका म्हणू. हात उघडलेच आहेत, तर वाटेची दुवा द्या."

तिने स्वतःचे तळहात पसरले. तालायनेही पसरले. बाहेर टॅक्सी येऊन थांबली, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, थोड्या वेळाने पुन्हा वाजवला. दुवा पुरी झाल्याशिवाय कोणी उठायचं नसतं. बाबांना ते सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि ते दुवा सुरूच करेनात.