हिरव्या नळीवरचा विश्वास

मित्रांनो, मी एके काळी भाड्याने दिली जाणारी एक जुनी डिझेल मोटार. विमानतळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आता चाकांविना विटांवर उभी आहे. मला माणसांची किळस येते. तिचे कारण सांगते.

नवी होते तेव्हा माझी स्तुती झाली. पुढे नऊ वर्षे परदेशी पाहुण्यांनी माझ्या आसनांवर केळी चिरडली, खिडकीच्या खाचेत च्युइंगम चिकटवले आणि परत देताना "होती तशीच आहे" असे हसून सांगितले. गाड्या धुणाऱ्या बाई नाक दाबून ते सारे खरवडत. ते मी सोसले.

शेवटचे गिऱ्हाईक एक वडील होते. इथे माझ्या देशात शिकणाऱ्या त्यांच्या लेकीला त्या दिवशी अकरा वाजता पदवी मिळायची होती. सहा वर्षांत ते प्रथमच, पत्नीला घेऊन, तिच्याकडे निघाले होते.

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "पाच मिनिटं द्या, साहेब. ओरखड्यांचे फोटो काढा, आवारात दोन फेऱ्या मारा, टाकीचं झाकण एकदा वाचा."

"ताई, तीस वर्षं गाडी चालवतोय मी."

"तीस वर्षं रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं," पत्नी पुटपुटली.

दर वळणावर त्यांनी वळण दाखवणाऱ्या दिव्याऐवजी वायपर लावला. कोरड्या काचेवर मी करकरत राहिले. मग पंपावर त्यांनी हिरवी नळी उचलली.

"अहो, झाकणावर डिझेल लिहिलंय. वास तर पेट्रोलचा येतोय."

"आपल्या कोपऱ्यावरच्या पंपावर हिरवी म्हणजे डिझेलच."

"हा आपला कोपरा आहे का? त्या काउंटरवरच्या बाईंना फोन करा."

"उशीर होतोय. गाडीत बस."

तेव्हाही मी वाचले असते. चुकीचे इंधन भरले गेले, तरी चावी न फिरवता टाकी रिकामी करता येते. त्यांनी चावी फिरवली. चार किलोमीटरवर माझे इंजिन कायमचे बंद पडले.

अकराला पाच मिनिटे असताना फोन वाजला. "बाबा, पोचलात ना? यानंतर माझंच नाव आहे."

"गाडीच भंगार दिली गं यांनी."

पत्नीने फोन काढून घेतला. "गाडी चांगली होती, बाळा," एवढेच ती म्हणाली आणि रस्त्याकडेला जाऊन बसली.

मित्रांनो, परक्या मुलुखात गाडी घ्याल तेव्हा झाकण वाचा, शंका आली तर चावीला हात लावू नका. आणि चूक झालीच, तर तिला निदान आपली म्हणा. धुणाऱ्या बाई अजूनही अधूनमधून माझी काच पुसून जातात. त्यांना तसे कोणी सांगितलेले नाही.